चिंचेचा पाला

पत्राच्या कडेला भाताचं शीत वाळून काचेसारखं झालं होतं. शितानं चिकटवलेलं ते निळं अंतर्देशीय आषाढात आलं होतं, आणि यल्लाप्पातात्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आता दिवाळीही होऊन गेली. पलूसच्या खोलीत, पुस्तकांच्या मांडणीसमोर बसून ते नखानं शीत खरवडत राहिले... निघत नव्हतं.

पत्र गावाकडच्या आक्काताईचं. लिहिलेलं अंगणवाडीतल्या स्वप्ना नावाच्या पोरीनं, पण आवाज म्हातारीचाच. 'ल्योक पुण्याला हाय, पण असून नसल्यावानी. निराधारचा पगार चालू व्हायचा तर शेजारच्या जाणत्या माणसाचा जबाब लागतोय. तुमी शिकलेलं. तुमच्या आईचा आन माझा लय जिव्हाळा, तवा तुमी न्हाई म्हणणार न्हाई.'

जिव्हाळा — हा शब्द तिनं सांगितला, की स्वप्नानं आपल्या मनानं घातला? तिनंच सांगितला असेल तर ती सगळं विसरली आहे. आणि ती विसरली असेल तर इतकी वर्षं मी एकटा काय राखत बसलो...

बहात्तरचा दुष्काळ. वडील अंथरुणाला खिळलेले, आई सरकारी कामावर खडी फोडायला. तिथं खायला सुकडी मिळायची — ओंजळ पुढं केली की पडायची, वाटणारा तोंडाकडं बघतसुद्धा नसे. आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून आक्काताईचं पातेलं यायचं, आमटीचं, वर दोन भाकरी. त्या आमटीवर आम्ही जगलो, हे खोटं कसं म्हणू? पण शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, मूठभर दाणे, गुळाचा खडा, काहीतरी घालायचं, अशी रीत; आणि एके दिवशी घरात मिठाचा खडासुद्धा नव्हता, तेव्हा आईनं चिंचेचा कोवळा पाला ओरबाडून पातेल्यात घातला, पदराखाली झाकून नेला. मागोमाग मी. आक्काताईच्या ओट्यावर बाया बसलेल्या.

'ह्यो आमच्या शेळीला व्हय गं?' म्हणत तिनं पातेलं शेळीपुढं पालथं केलं. बाया हसल्या. आईही हसली — ते हसणं तात्यांना अजून गिळता आलं नव्हतं. की ती नुसती थट्टाच होती, शेजारणी-शेजारणींतली? पुस्तकं वाचून वाचून आपणच तिला मोठं केलं?

फोन वाजला. पुतण्या जयराज, गावातल्या घरी आता तोच राहतो, आक्काताईच्या भिंतीला भिंत लावून.

'तात्या, म्हातारी रोज दारात येऊन इचारतीया. द्या की सही. सरकारचं पैसं हायत, तुमच्या पेन्शनीतनं कापत्यात व्हय?'

'बघतो.'

'बघून बघून म्हातारी जायाची. आवं, पुस्तक हाय का त्ये, शेवटचं पान आदी बघायला?'

तात्या कसनुसे हसले. फोन ठेवला, तशी पगार चालू झाल्यावरची आक्काताई दिसू लागली: दर महिन्याला बँकेत अंगठा उठवणारी, कुणाच्या दारात उभी न राहणारी. सरकार भांडं परत मागत नाही. सरकार ओट्यावर बसून हसत नाही. इतकं बिनघोर अन्न तिला मिळावं, आणि तेही माझ्या सहीनं?

मग नकार? नकार कुणीही देईल... त्यांनी परत फोन लावला, जयराजच्या बायकोला, शिवांजलीला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, आक्काताईसाठी दोन्ही वेळेला दोन भाकरी जास्त होतील का, पैसे मी पाठवतो.

'व्हतील की. लय पुण्याचं काम काढलंसा, तात्या,' ती म्हणाली, आणि तात्यांचे कान तापले.

कोरं अंतर्देशीय पुढं ओढून त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं.

'ती. आक्काताईंस सा. न. मुलगा कमावता असताना तुम्ही निराधार आहात, असा जबाब मला देता येत नाही. पण आम्ही असताना तुम्ही सरकारपुढं हात का पसरावा? येत्या सोमवारपासून आमच्या घरून तुम्हाला दोन वेळचा डबा येईल. तुम्ही आमच्यासाठी केलंत ते मी विसरलेलो नाही. डबा तेवढा रोज परत पाठवत जा. रीत तुम्हाला ठाऊक आहेच.'

वाचून पाहिलं. एकही शब्द वावगा नव्हता. कुणीही म्हणालं असतं, केवढ्या मनाचा माणूस. आईनं वाचलं असतं तर... आईला वाचता येत नव्हतं, हे आठवून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लगेच कसंतरी झालं.

पत्र त्यांनी पोस्टाच्या पेटीत सोडलं. ते पडल्याचा आवाज नीट ऐकू आला. आणि तिथंच, पेटीसमोर, त्यांना सणकून भूक लागली — कितीतरी महिन्यांत लागली नव्हती अशी, लहानपणी संध्याकाळी भिंतीपलीकडून आक्काताईच्या बांगड्यांचा आवाज आला की लागायची तशी — आणि त्या भुकेला ते भिऊ लागले.