बंडूकाकाची जीभ

बंडूकाका प्यायला की काशीकाकीला मारायचा, हे सारसोळे गावात सगळ्यांना माहीत होतं. मुलगा हितेश मध्ये पडला की पट्टा त्याच्यावर फिरायचा. मग काकाचं लिव्हर सुजलं, डॉक्टरांनी दम भरला आणि दारू सुटली. घर शांत झालं.

तरुणपणी काका मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात बारमन होता. बांबूच्या भिंती, लाकडी मुखवटे, दूरच्या बेटांचा सगळा देखावा, आणि वर ज्योत पेटवून दिलं जाणारं ‘रेड रीफ’ नावाचं कॉकटेल. तो बार केव्हाच बंद पडला आणि त्याच्याबरोबर रेड रीफही गेलं.

काकाची पुतणी नमिता वाशीच्या एका बारमध्ये हेड बारटेंडर होती. मालक यशराजला नव्या मेनूसाठी कुणाकडे नसलेलं काहीतरी हवं होतं. नमिताने काकाला विचारलं. रम, अननस, लिंबू, बदामाचं सरबत एवढं त्याला आठवलं. पुढचं डोक्यात नव्हतं, जिभेवर होतं.

“काका, फक्त चाखायचं आणि थुंकायचं. घरी कोणाला बोलू नका,” ती म्हणाली.

बार उघडण्याआधी, दुपारी, ती त्याला काउंटरवर बसवायची. तो घोट तोंडात घोळवायचा, बेसिनमध्ये थुंकायचा. “नाय. याला दात नाय. मागून चावला पायजे.” तिने लवंग घातली, दालचिनी घातली. काका मान हलवत राहिला. शेवटी ती मसाला मार्केटात गेली. पोत्यांपुढे उभी राहून एकेक जिन्नस तळव्यावर चोळून हुंगत होती. मिऱ्यासारखे कबाबचिनीचे दाणे चुरडले, वास मागून नाकाला झोंबला आणि ती थांबली. ते दाणे तिने रममध्ये मुरवले. काकाच्या हॉटेलात कसलं तरी परदेशी लाल सरबत घालायचे, त्याच्या जागी कोकमाचं आगळ घातलं.

काकाने घोट घेतला. डोळे मिटले.

“ह्योच,” तो म्हणाला.

तो थुंकला नाही. त्याचा कंठ हललेला नमिताने पाहिला. तिला इतका आनंद झाला होता की तिने तिकडे दुर्लक्ष केलं. प्रमाण पक्कं करायचं म्हणून तिने पुन्हा ओतलं. नंतरच्या दुपारीही ओतलं. आता काका ग्लास रिकामा करूनच उठायचा.

रेड रीफ मेनूवर यायचं होतं त्या दिवशी काका जेवणवेळेलाच येऊन बसला. तोंडाला वास होता. “काका, कुठून पिऊन आलात?” नमिताने विचारलं. तो नुसता हसला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि हितेश आत आला. त्याच्या शर्टावर रक्त होतं.

“आईला कुकरच्या झाकणाने मारलंय यांनी,” तो म्हणाला. “दात पडलेत तिचे. गाल फाटलाय. शेजारणीने दवाखान्यात नेलंय.”

नमिताने हातातली बाटली ठेवली आणि काकाकडे पाहिलं.

काका वळलासुद्धा नाही. “उलट बोलत होती,” तो म्हणाला.

हितेशने त्याला कॉलर धरून स्टुलावरून खाली ओढलं. काकाचं डोकं काउंटरच्या कडेला आपटलं. हितेशने लाथ घातली, मग दुसरी. काउंटरवर बर्फ फोडायची लाकडी मोगरी होती. ती उचलून त्याने बापाच्या दंडावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज नमिताला स्पष्ट ऐकू आला. काका ओरडला. मोगरी पुन्हा वर गेली, आणि या वेळी रोख डोक्यावर होता.

“हितेश, मरेल तो!” नमिता मध्ये घुसली. त्याने तिला ढकललं. ती बाटल्यांच्या फळीवर पडली, काच फुटली आणि तिचा तळवा मनगटापर्यंत चिरत गेला.

“रोज दुपारी इथे येऊन बसतो हा, गावातल्यांनी पाहिलंय. तू पाजलीस ना याला?” हितेश तिच्यावर ओरडला. “तुला काय माहीत नव्हतं हा कोण हाय? लहानपणी आमच्याच घरी झोपायचीस तू. ऐकायचीस सगळं!”

तो वळला आणि फळीवरच्या बाटल्या मोगरीने फोडत सुटला. रम, रक्त, कोकम सगळं लादीवर एक झालं. यशराज आणि स्वयंपाकघरातली माणसं धावून आली. त्यांनी हितेशला खाली पाडून बुटांनी तुडवलं, त्याचं नाक फुटलं, तरी मोगरी त्याच्या मुठीतून सुटेना. पोलिस आले तेव्हा कुठे ती सुटली.

तक्रार यशराजने दिली, हितेशविरुद्ध. नमिता हाताला टाके घालून चौकीत पोचली, तर काशीकाकी आधीच टेबलासमोर उभी होती. अर्धा चेहरा पट्टीत होता. शब्द नीट फुटत नव्हते.

“माजा पन लिवा,” ती हवालदाराला म्हणाली. “पोरानं मारला, ता खरा हाय. पन आदी यांचा नाव लिवा. इतकी वर्सं लिवलाच नाय कोनी.”

हवालदाराने नमिताकडे पाहिलं. “यांच्या नवऱ्याला दारू कुठून मिळाली?”

यशराज तिच्या कानाशी पुटपुटला, “नमिता, बारचं नाव येऊ देऊ नकोस. उद्यापासून काम हवंय ना?”

“मी दिली,” नमिता म्हणाली. “बारमध्ये, माझ्या हाताने. सुटलेली दारू मी परत लावली.”

तिची नोकरी गेली. रेड रीफ मात्र मेनूवर आलं. दुसरा बारटेंडर ते करतो, आणि ते चांगलं खपतं म्हणतात. हितेश जामिनावर सुटला आणि काकीला नेरूळ स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीवर घेऊन गेला. काकाचा हात वाकडा जुळला. तो सारसोळ्यात एकटाच राहतो. त्याच्यावरची केस काकीने मागे घेतली नाही.

टाके निघाल्यावर नमिता नेरूळला गेली. दार काकीने उघडलं. तिच्या गालावरचा व्रण अजून लाल होता. नमिताला रडू फुटलं. “काकी, माझं चुकलं,” एवढंच ती म्हणू शकली.

काकी दारातून बाजूला झाली.

“हितेश तुज्याशी बोलनार नाय,” ती म्हणाली. “माजा पन सांगता येत नाय. बांगडे आनलेत, ते साफ कर. मना अजून चावता येत नाय, पन पोराला लागतान.”

नमिता आत गेली आणि विळीपाशी बसली.