दोन काठांचा पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे, बैलाच्या शिंगाचा. पराना नदीच्या अलीकडे, पाराग्वेतल्या एन्कार्नासिओनला मला तासलं. पलीकडे, अर्जेंटिनातल्या पोसादासला माझ्या तोंडाशी धातूची पट्टी बसली आणि तिच्यावर त्या गावाचं नाव कोरलं गेलं. माझे मालक एलाडिओ गवंडी होते. काम मिळेल त्या काठावर ते जात.

मधल्या सुट्टीत ते माझ्यात येर्बाचा, म्हणजे तिकडच्या चहाचा, सुका पाला भरत आणि बर्फाचं पाणी ओतत. पहिलं पाणी कुणी पीत नाही. ते संत तोमासच्या नावानं पाल्यातच मुरू द्यायचं. मग मी हातोहाती फिरायचो. त्यांच्या जोडीच्या सेल्सो गवंड्याकडे आलो की अडकलोच.

"अरे, पेला सोड! विहीर उपसतोयस का?" एलाडिओ त्याला डिवचत. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे मालकांचे गुडघे गेले. पेन्शनला अलीकडच्या काठावर राबलेली वर्षं पुरत नव्हती आणि पलीकडच्या काठावरची वाया गेली, असं दोघेही धरून चालले होते. सेल्सोनं तर अर्जच केला नाही. म्हातारपणी विटा वाहता वाहता तो गेला. मी खिडकीत धूळ खात पडलो.

एके दिवशी निमियाबाईंनी मला पुसलं, भरलं आणि नवऱ्याला उठवलं.

"पेन्शनच्या कचेरीत जाऊन 'नाही'च ऐकायचं ना?" एलाडिओ कुरकुरले.

"घरात बसून काय ऐकताय? चला मुकाट्यानं!"

कचेरीतली मुलगी म्हणाली, "वर्षं कमी पडतात, काका."

एलाडिओंनी सवयीनं मला तिच्यापुढे धरलं. घोट घेताना तिचं बोट पट्टीवर थांबलं.

"पोसादास? तिकडे काम केलंत?"

"पुष्कळ. पण तो परका देश."

"पगारातून पेन्शनचे पैसे कापायचे?"

"कापायचे की! बुडालेच ते."

"नाही बुडाले, काका. आपल्या देशांनी मिळून कधीच ठरवलंय, दोन्हीकडची वर्षं एकत्र धरायची आणि ज्यानं त्यानं आपापला वाटा द्यायचा. तुम्ही सांगितलंच नाहीत!"

निमियाबाई रडू लागल्या. एलाडिओंनी मला परत हातात घेतलं.

"सेल्सोचेही कापायचे," ते म्हणाले.

मित्रांनो, शिंग कोरडं पडलं की तडकतं, म्हणून मला जपा. पण माझ्याआधी तुमच्या शेजारच्या थकल्या माणसाला जपा. कुठे कुठे राबलात, असं त्याला वेळेवर विचारा.

आता पेन्शन येते. आमच्या घरी पहिलं पाणी अजूनही कुणी पीत नाही. एलाडिओ ते सेल्सोच्या नावानं ओततात.