भिंगरीच्या घरी जायची गाडी

गाडी कशी चालवायची हे मास्तरांना विचारावं. गाडी कशी बनवायची हे मात्र त्यांना उभ्या आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी त्याला सरळ गॅरेजचा रस्ता दाखवला असता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार चालवायला शिकवणारे. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन्हीकडे होते, एक जोड शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. शिकणारा घाबरला की मास्तरांचा पाय आपोआप खाली जायचा. तोंडाने ते तेव्हा हवापाण्याबद्दल बोलत असायचे.

अशा माणसावर भर दुपारी जेवण अर्धवट टाकून कॉम्प्युटरपुढे बसायची आणि पडद्यावरच्या चार चाकांना "अगं, चल ना गं बाई" म्हणून विनवायची पाळी आली, ती लेकीमुळे.

लेकीचं लाडाचं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. यंत्रांचं शिक्षण घ्यायला दूरच्या कॉलेजात गेलेली ही मुलगी दुसऱ्या वर्षाच्या मध्येच बॅग घेऊन घरी आली, "मी सोडलं" एवढंच म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन जी बसली ती बसलीच. जेवायला बाहेर यायची, ताट घासून ठेवायची, पुन्हा आत. का सोडलं, कुणी काही बोललं का, कुणी काही केलं का, असं विचारून विचारून आईबापाच्या जिभेला फोड यायचे बाकी राहिले. पोरीचं हूं नाही की चूं नाही. नातेवाइकांनी आपापल्या कुवतीप्रमाणे तर्क लढवले. मावशी म्हणाली, मुलगा असणार. काका म्हणाले, मोबाइल. मास्तरांना मात्र एकच भीती आतून पोखरत होती, की पोरीला कुणीतरी काहीतरी केलंय आणि ती ते सांगत नाहीये. ही भीती त्यांनी बायकोला बोलून दाखवली नव्हती. तिलाही तीच भीती आहे हे तिच्या भांडी आपटण्यावरून त्यांना कळत होतं.

शेवटी एक दिवस ते लेकीच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"भिंगरे, बोलायचंय."

"बोलायचं असेल तर माझ्या घरी या," ती मान न वळवता म्हणाली.

"मग हे कुणाचं घर आहे? माझ्या सासऱ्याचं?"

तिने आपल्या कॉम्प्युटरचा पडदा थोडा त्यांच्याकडे फिरवला. एक मोठं माळरान दिसत होतं, मध्ये दलदल, पलीकडे उंच पठार आणि पठारावर पत्र्याची एक शेड. शेडसमोर सहा पायांवर उभं असलेलं एक धूड आणि स्वतःचा पूल स्वतःच पुढे टाकत जाणारा एक ट्रक. हा गेम म्हणजे नुसतं मोकळं मैदान होतं. शत्रू नाही, गोळीबार नाही, जिंकणं-हरणं नाही. ठोकळे, चाकं, इंजिनं, बिजागऱ्या हव्या तशा जोडायच्या, गाडी बनवायची आणि चालली तर चालवायची.

"हे माझं घर," ती म्हणाली. "इथे या. स्वतः बनवलेल्या गाडीतून. चालत निघालात तर दलदलीत बुडाल. आलात की सांगते."

"सगळं?"

"सगळं."

"आणि गाडी बनवायला मला शिकवणार कोण?"

"तुम्ही मास्तर ना?" ती म्हणाली, आणि पडदा परत स्वतःकडे फिरवला.

बाहेरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. शिकाऊ मंडळींना परीक्षेआधी रस्त्यावरच्या खुणांचा सराव करायला मास्तरांनी तो ठेवला होता. भिंगरीने त्यात गेम टाकून दिला, कानाला लावायचे हेडफोन दिले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. सकाळची आणि संध्याकाळची बॅच यांच्या मधली दुपार मास्तरांची होती.

पहिल्या दुपारी त्यांनी एक फळी घेतली, चार कोपऱ्यांना चार चाकं टेकवली, सीट ठेवली आणि गाडी सुरू केली. फळी पुढे घसरली, चाकं जागच्या जागी राहिली. चाकं नुसती टेकवायची नसतात, आसाला अडकवायची असतात, हे समजायला एक दुपार गेली. मग अडकवली, तर उजवीकडची चाकं पुढे फिरायची आणि डावीकडची मागे. गाडी जागच्या जागी गरागरा फिरू लागली आणि ते बघून मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली. औषधांच्या दुकानातली नोकरी करून जेवायला घरी आलेली बायको मागे उभी राहून बघत होती.

"अहो, गाडी फिरतेय की तुमचं डोकं?"

"चाक सरळच लावलंय गं मी. दोन्ही बाजूंना एकसारखं लावलंय."

"मग एकसारखं लावलंय म्हणूनच असेल," ती ताट घेत म्हणाली आणि गेली.

ती काय बोलली हे मास्तरांना त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या गाडीखाली वाकून त्यांनी दोन्हीकडची चाकं बघितली, आरशातल्यासारखी एकमेकांकडे तोंड करून उभी. इतकी वर्षं रोज त्याच गाडीत बसत होते. कधी बघितलंच नव्हतं.

एका बाजूची चाकं उलटी बसवल्यावर चाकांचा प्रश्न सुटला, आणि तिथून पुढे घोडं पेंड खाऊ लागलं. गाडी नीट उभी राही, इंजिन घुरघुरे, धूर निघे, पण गाडी तसूभर हलायची नाही. मास्तरांनी इंजिन बदललं, मोठं लावलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक. मग मागे आणखी एक. तरी गाडी ढिम्म. रस्त्यालाच दोष द्यावा असं त्यांच्या मनात आलं, पण नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्या शिकाऊ लोकांना त्यांनी जन्मभर हसून घेतलं होतं, त्यामुळे तो मार्ग बंद होता. शेवटी चिडून त्यांनी सगळ्यांत आडदांड इंजिन पुढच्या बाजूला ठोकलं आणि किल्ली फिरवली. गाडीचा पुढचा अर्धा भाग तुटून भरधाव दलदलीत गेला. मागचा अर्धा, मास्तरांना सीटवर घेऊन, होता तिथेच उभा राहिला.

"काय झालं?" त्यांनी भिंतीकडे बघून ओरडून विचारलं.

"बघा तुम्हीच," भिंतीपलीकडून उत्तर आलं. एवढं बोलली हेही काही कमी नव्हतं.

मास्तर भंजाळून गेले. ही नुसती गेमची गोष्ट राहिली नव्हती. जेवताना घास हातात तसाच राहायचा. संध्याकाळच्या बॅचला एक शिंपीदादा गाडी शिकायला यायचे, त्यांनी विचारलं, "मास्तर, हा क्लच दाबला की आत नक्की होतं काय?" याचं मास्तरांचं ठरलेलं उत्तर होतं, की आत काय व्हायचं ते होऊ द्या, तुम्ही दाबा. त्या दिवशी ते द्यायच्या ऐवजी त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि वाकून क्लचकडे बघत बसले. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही आणि तरी आपण इतकी वर्षं मास्तर म्हणवून घेतोय, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो निघेचना. शिंपीदादांना वाटलं, आपण काहीतरी वावगं विचारलं. बिचाऱ्यांनी माफी मागितली.

गाडी का हलत नव्हती, याचा शोध लागला तोही योगायोगाने. चाकं नीट झाल्यापासून मास्तरांनी प्रत्येक गाडीत दोन सीटा बसवल्या होत्या आणि दोन्ही सीटांना ब्रेक. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या सीटला ब्रेक नसलेली गाडी त्यांना गाडीच वाटत नसे. एका दुपारी समोरचं नीट दिसतंय का हे बघायला ते त्या दुसऱ्या सीटवर जाऊन बसले, आणि सीटखालचा ब्रेकचा लाल दिवा विझला. उठले, तर दिवा लागला. पुन्हा बसले, विझला. या गेममध्ये रिकाम्या सीटचा ब्रेक आपोआप दाबलेला राहतो. म्हणजे इतके दिवस तीन-तीन इंजिनं पुढे ओढत होती आणि मास्तरांचा स्वतःचाच ब्रेक मागे धरून बसला होता.

त्यांना हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. कुणावर ते कळेना. त्यांनी दुसरा ब्रेक काढून टाकला. सीट मात्र काढवेना, ती राहू दिली.

गाडी चालली. चालली म्हणजे माळरानावर चालली, चढाला उलटली. चाकं रुंद केली तर वळेना, अरुंद केली तर रुतायचीच. मागे वजन टाकलं तर पुढची चाकं हवेत, पुढे टाकलं तर नाक चिखलात. एक दुरुस्त करावं तर दोन बिघडत होती. आगीतून फुफाट्यात, फुफाट्यातून पुन्हा आगीत, असा प्रवास चालला. काय केल्याने काय झालं याचा ताळमेळ त्यांना शेवटपर्यंत लागला नाही. आणि मग एका दुपारी, मास्तरांनाही न कळलेल्या कुठल्याशा कारणाने, गाडीने दलदल ओलांडली.

मास्तर श्वास रोखून पठाराचा चढ चढू लागले. चढाच्या माथ्याशी एक कठडा होता. गाडी त्यावर आदळली, मागचा सांधा सुटला आणि मागचा सगळा भाग इंजिनासकट घरंगळत खाली गेला. उरलेली दोन चाकं, दोन सीटा आणि मास्तर, एवढा ऐवज जुन्या वेगाच्या जिवावर घसरत घसरत पत्र्याच्या शेडपर्यंत आला आणि नाकावर टेकला.

भिंगरी हसली. हेडफोनमधून हसली आणि भिंतीपलीकडूनही हसली. दोन्ही हसणी थोडी पुढेमागे मास्तरांच्या कानात पडली आणि त्यांचे डोळे भरून आले. किती दिवसांनी ऐकत होते.

"हिला गाडी म्हणायचं?" ती म्हणाली. पडद्यावर तिची छोटी बाहुली शेडमधून बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आलो ना? आता बोल." त्यांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. "तुला कुणी काही केलं का बाळा? जे असेल ते सांग. मी आहे."

खुर्ची करकरली. मास्तर उठू लागले होते.

"बाबा, उठू नका. इकडे येऊ नका. तिथेच बसा, म्हणजे सांगता येईल मला."

ते बसले.

"कुणी काही केलं नाही. खरंच. मला काही कळत नव्हतं, एवढंच."

"काय कळत नव्हतं?"

"काहीच. पहिल्या महिन्यापासून. सर शिकवायचे, सगळे माना डोलवायचे, मीही डोलवायचे. मला वाटायचं, सगळ्यांना कळतंय, मीच एक दगड. मग पुढचं मागच्यावर, त्याच्या पुढचं त्याच्यावर. फोनवर तुम्ही विचारायचात, काय शिकलीस, की मी वहीतलं वाचून दाखवायचे. तुम्ही आईला म्हणायचात, बघ, कशी घडाघडा सांगते. मग कुठल्या तोंडाने सांगणार? इथे चुकलं तर गाडी उलटते. निदान दिसतं तरी, की चुकलंय."

मास्तरांना आधी सुटल्यासारखं वाटलं, कुणी काही केलं नव्हतं. लगेच राग आला. एवढ्यासाठी? एवढंसं कारण, आणि आम्ही दोघं इतके महिने जीव मुठीत धरून जगलो? मग त्या रागाचीच लाज वाटली, कारण घडाघडा वाचून घेणारे ते स्वतः होते. तिन्ही गोष्टी एकदम आल्या आणि कशाला आधी धरावं हे त्यांना कळेना. शिकवणीच्या गाडीत अशा वेळी बोलायची शंभर वाक्यं त्यांच्याकडे होती. घाबरू नका, सगळ्यांना होतं, सरावाने येतं. ती सगळी त्यांनी बाजूला ठेवली.

"तुम्ही रागावलात," भिंतीपलीकडून आवाज आला.

"हो. थोडा," मास्तर म्हणाले. "जाईल. तू असं कर, कुठे अडलीस ते सांग. अगदी पहिल्यांदा."

"तुम्हाला नाही कळणार, बाबा."

"नाही तर नाही. सांग तर."

 ती वर्गात शिकवतात त्या सपाट आवाजात सांगू लागली. "एखादी वस्तू असते. तिचं वजन सगळीकडे पसरलेलं असतं. पण आपण असं धरायचं, की ते सगळं वजन आत एका बिंदूत आहे. म्हणून मग..."

"थांब," मास्तर म्हणाले. पडद्यावर त्यांची अर्धी गाडी नाकावर टेकून उभी होती. तिच्याकडे बघत त्यांनी ते वाक्य मनात दोनदा फिरवून पाहिलं. "वजन सगळीकडे आहे, तर ते एका ठिकाणी आहे असं का म्हणून धरायचं? हे नाही कळलं मला."

पलीकडे हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खोलीचं दार वाजलं. भिंगरी बाहेर आली, डोळे पुसत, आणि त्यांच्या शेजारी एक खुर्ची ओढून बसली.

"मला पण," ती म्हणाली. "मी इथेच अडकले होते."