हवालदारांचा कावळे-बंदोबस्त

हवालदार निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत एकाही जिवाने त्यांचं ऐकलं नव्हतं. चौतीस वर्षं चौकात उभं राहून त्यांनी नुसता तळहात दाखवला की मालाने भरलेले ट्रक जागच्या जागी थांबत. आता घरात दोन्ही हात वर केले तरी टीव्हीचा आवाज कमी होत नसे. मुलगी फोनवर "हो बाबा, हो बाबा" म्हणे आणि तिला हवं तेच करी. जावई तेवढेही कष्ट घेत नसे. बायको सगळं ऐकून घेई आणि मग पिशवी उचलून टाकीमागे निघून जाई.

टाकीमागे तिचा प्लॉट होता. पाण्याच्या टाकीमागच्या पडीक जागेचे वीस तुकडे पाडून नगरपालिकेने ते भाजीपाल्यासाठी लोकांना दिले होते. तुकडा केवढा, तर चार खाटा टाकल्या की पाचवीला जागा नाही. पण तेवढ्यासाठी तिने सहा वर्षं यादीत वाट बघितली होती. बत्तीस वर्षं दवाखान्याच्या लॉन्ड्रीत परक्यांच्या चादरी धुतल्यावर तिला हाताला माती लागलेली हवी होती, बाकी काही नाही. गेल्या हंगामात कावळ्यांनी तिचा मका साफ केला आणि पाहणीच्या दिवशी प्लॉट उघडाबोडका निघाला. नियम सरळ होता. लागोपाठ दोन पाहण्यांत प्लॉट रिकामा दिसला की तो यादीतल्या पुढच्या माणसाला. यंदाही मका उभा राहिला नाही, तर तिची माती गेली.

"पुन्हा कोंब उपटलेत मेल्यांनी," एका सकाळी ती परत येऊन म्हणाली. "निम्म्या ओळी गेल्या."

हवालदारांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी तसा चेहराही केला. पण आतून माणूस खुलला होता. दोन वर्षांनी का होईना, कुणीतरी त्यांच्या हद्दीत कायदा मोडत होतं.

"तू काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी बघतो."

या "मी बघतो"ने त्या घरात आजवर दोन पंखे, एक शेगडी आणि मुलीचं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

"तुम्ही काही बघू नका," ती घाईघाईने म्हणाली. "मी साठ बाटल्या जमवल्यात प्लास्टिकच्या. अर्ध्या कापून एकेका कोंबावर उपड्या घालते. कावळ्याला कोंब नको असतो हो, त्याच्या खालचा फुगलेला दाणा हवा असतो. रोप वीतभर झालं की दाणा संपतो, मग तो ढुंकूनही बघत नाही. दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"बाटल्या?" हवालदारांना तो शब्दच लागला. "म्हणजे चोर मोकळा फिरणार आणि आपण माल झाकून बसायचं?"

"हो," बायको म्हणाली.

पण हवालदार तोवर ट्रंक उघडून शिट्टी शोधायला लागले होते.

पहिले दोन दिवस शिट्टीने काम केलं, हे मान्य करायला हवं. हवालदार सकाळी सहाला बांधावर उभे राहत, कावळा उतरला की गाल फुगवून फुंकत, आणि कावळा उडे. तिसऱ्या दिवशी कावळे टाकीच्या कठड्यावर बसून वाट बघायला लागले. आठ वाजता हवालदार चहाला घरी जात. आठ वाजून पाच मिनिटांनी कावळे उतरत. हवालदारांनी चहाची वेळ बदलली, कावळ्यांनीही बदलली. शेजारच्या प्लॉटवर एका शिंप्याचा वाटाणा होता. वीस प्लॉटवाल्यांचा सेक्रेटरीही तोच. तो म्हणाला, "हवालदार, शिट्टीने कावळे किती जातात ठाऊक नाही, पण माझी झोप मात्र गेली."

मग हवालदारांनी बाटल्यांकडे मोर्चा वळवला. बायकोने मोठ्या कष्टाने जमवलेल्या साठच्या साठ बाटल्यांच्या त्यांनी एका दुपारात पट्ट्या कापल्या आणि दोऱ्या बांधून प्लॉटभर लटकवल्या. उन्हात चमकतील आणि कावळे भितील, अशी योजना होती. बायको आली तेव्हा पट्ट्या चमकत होत्या आणि दोरीवर चार कावळे झोका घेत होते. तिने खाली पडलेलं एक झाकण उचललं.

"एक तरी बाटली ठेवलीत का?"

"सगळ्या लागल्या," हवालदार अभिमानाने म्हणाले.

 गेलेल्या ओळींत तिने पुन्हा दाणे टोचले आणि हात झटकून उठली.

एवढ्यावर थांबले असते तर ते हवालदार कसले. मैदानाच्या कडेला निलगिरीचं झाड होतं आणि त्यावर घरटं होतं. हे त्यांच्या नजरेस आलं आणि खटल्याचा उलगडा झाला. हे कावळे बाहेरून येणारे नव्हतेच, इथेच बेकायदा वस्ती करून राहिले होते. हवालदारांनी इस्त्री करून खाकी वर्दी चढवली. पँटचं वरचं बटण लागेना, तेव्हा पट्ट्याने भागवलं. टोपी घातली, लांब काठी घेतली आणि वीस प्लॉटवाल्यांच्या देखत, कुणी नको नको म्हणत असताना, घरटं खाली पाडलं. काड्या, थोडी तार, कुणाची तरी केसाची पिन. आणि दोन अंडी होती, ती फुटली. बायको जवळ येऊन वाकली, फुटलेल्या अंड्यांवर तिने चिमूटभर माती सारली आणि नवऱ्याकडे न बघता निघून गेली. हवालदारांना वाटलं, बाईमाणसाचं मन हळवं असतं. दुसऱ्याच्या शहाणपणाला हळवेपणा म्हणणारी माणसं फार असतात, आणि बहुतेक सगळी काठी घेऊन उभी असतात.

दुसऱ्या दिवसापासून हवालदारांचं रस्त्यावर फिरणं मुश्किल झालं. घराबाहेर पाऊल टाकलं की कुठल्यातरी छपरावरून एक कावळा ओरडे. मग दुसरा, मग दहा. मग डोक्यावरून सूर मारून टोपी उडवणं सुरू. त्यांनी टोपी बदलली, चष्मा लावला, जावयाचं जाकीट घातलं. उपयोग शून्य. पोट पुढे काढून टाचा आपटत चालण्याची ती चाल कावळ्यांनी पक्की ओळखली होती. न्हाव्याने दुकानाचं दार अर्धं उघडून सांगितलं, "हवालदार, आत तरी या नाहीतर पुढे तरी जा. दारात उभे राहू नका, गिऱ्हाइकं बिथरतात."

आता स्वतः प्लॉटवर जाता येईना, तेव्हा हवालदारांनी आपला प्रतिनिधी पाठवायचं ठरवलं. दोन बांबू, गवत, एक मडकं. त्याला स्वतःची वर्दी, स्वतःची टोपी, पोटाला उशी. पहाटे अंधारात, डोक्यावर पोतं घेऊन, त्यांनी ते बुजगावणं बायकोच्या मक्यात रोवलं. पोट हुबेहूब जमलं होतं. कावळे माझ्यावर चिडतात म्हणजे मला घाबरतात, असा त्यांचा हिशेब होता.

उजाडल्यावर पहिला कावळा आला, त्याने वर्दी बघितली आणि बोंब ठोकली. अर्ध्या तासात गावातले होते नव्हते तेवढे कावळे जमले. त्यांनी टोपी फाडली, उशीतला कापूस काढला, मडकं पाडलं. मनसोक्त सूड घेऊन झाल्यावर त्यांना भूक लागली. खाली वीस प्लॉट तयारच होते. शिंप्याचा वाटाणा गेला, टोमॅटोंना भोकं पडली आणि मक्याचा एक कोंब राहिला नाही.

त्याच संध्याकाळी टाकीखाली सभा भरली. पाहणीला तेवीस दिवस उरले होते. हवालदार छत्री उघडून कडेला उभे होते.

शिंपी म्हणाला, "माझा साधा ठराव आहे. हवालदारांनी या मैदानात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. हात वर करा."

भराभर हात वर गेले. हवालदार फक्त एका हाताकडे बघत होते. तो वर गेला नाही, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. चौतीस वर्षांत कुणासाठी गाडी थांबवली नसेल इतक्या प्रेमाने त्यांनी बायकोकडे बघितलं.

"बंदी घालू नका," बायको म्हणाली. "ह्यांना हाकलून दिलं तर कावळे कुठे जातील? आपल्याच डोक्यावर बसतील ना? मी आठ दिवस बघतेय. हे रस्त्यात असले की सगळे कावळे रस्त्यात असतात आणि इथे चिटपाखरू नसतं. मैदानाच्या पार पलीकडे ती भिंत आहे ना, तिच्याशी ह्यांना खुर्ची द्या. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते सहा. पाहणी होईपर्यंत."

सभेत इतकं हसू फुटलं की टाकीवरचे कावळेही उडाले. बायकोचा ठराव एकमताने पास झाला. खुर्ची शिंप्याने दिली.

घरी आल्यावर हवालदारांनी आवाज चढवला. "मला काय आमिष समजलीस? मला? चार लोकांत माझी शोभा केलीस!"

"शोभा तुमची तुम्ही केलीत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. "सहा वर्षं मी त्या यादीत होते. शेवटचं मूठभर बी उरलंय. प्लॉट गेला तर मी तुम्हाला काही बोलणार नाही, पण मग उरलेला जन्म काही बोलणारच नाही. कळलं?"

हवालदारांना कळलं. "आणि तिथे बसून मी करायचं काय?"

"काही करायचं नाही."

हे काम त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड होतं. ते भिंतीशी खुर्चीवर बसत, छत्री उघडत, आणि कावळे येत. दोनशे पावलांवर बायको मातीत वाकलेली दिसे. शिट्टी घरी होती, काठी घरी होती. कावळे छत्रीवर घाण करत, ओरडत, दमले की बदली कावळे येत. ये-जा करणारे थांबून बघत. पहिले दोन दिवस हवालदार मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी एका कावळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तो सूर मारत नव्हता, घाणही करत नव्हता. भिंतीच्या टोकावर बसून नुसता त्यांच्याकडे बघत ओरडत होता, आणि बाकीचे गेले तरी जात नव्हता. हवालदारांना ती चिमूटभर माती आठवली आणि एकदम लाज वाटली. खरीखुरी, कान तापवणारी लाज. त्या दिवशी ते साडेनऊपर्यंत बसले. एवढं ऐकून घेणं भागच होतं.

सातव्या दिवशी मका उगवला. पंधराव्या दिवशी चार बोटं झाला. विसाव्या दिवशी बायकोने लांबूनच वीत उघडून दाखवली, तेव्हा हवालदार खुर्चीतून अर्धे उठले आणि कावळ्यांनी त्यांना पुन्हा बसवलं.

पाहणीला नगरपालिकेच्या बाई आल्या. हातात वही, पायात चिखलाचे बूट, चेहऱ्यावर कुणावरही विश्वास नाही. बायकोच्या प्लॉटपाशी त्या थांबल्या, रोपं मोजली, एक रोप हलवून ते खरंच रुजलेलं आहे का तेही बघितलं. मग वहीत खूण केली.

"ठीक आहे. प्लॉट तुमच्याकडेच राहील," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर पलीकडच्या भिंतीकडे गेली. तिथे पांढऱ्या पडलेल्या छत्रीखाली एक पोट दिसत होतं आणि वर पंचवीस कावळे कोकलत होते. "तो माणूस कोण आहे? त्याला काही झालंय का? इथे कशाला बसवलाय?"

प्लॉटवाले तोंडाला रुमाल लावून इकडेतिकडे बघायला लागले. शिंप्याच्या ओठावर उत्तर तयार होतं आणि ते फार चांगलं नव्हतं. बाईंचा आवाज खणखणीत होता आणि वारा भिंतीकडे वाहत होता, त्यामुळे प्रश्न हवालदारांनीही ऐकला. त्यांनी छत्री खाली ओढून तोंड झाकून घेतलं.

"ते माझे मिस्टर," बायको मोठ्याने म्हणाली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ते कामावर आहेत."

छत्रीखाली हवालदारांना हुंदका आला. तो कावळ्यांच्या गोंगाटात कुणाला ऐकू गेला नाही. घड्याळात पावणेनऊ झाले होते. त्यांनी पाठ सरळ केली आणि नऊ वाजेपर्यंत बसून राहिले.