काटा साठवर

तिने दोन स्टुलांच्या मधल्या फटीवर रॅकेट आडवी टाकली आणि तिच्या जाळीवर वीट ठेवली. डाव्या हाताने. उजव्या हाताने साधा पेला उचलायचा म्हटलं तरी कोपरातून कळ निघायची, विटेची तर बातच सोडा.

विज्ञानाच्या बाई गुडघ्यांवर बसून पट्टी लावून बघत होत्या. शाळा सुटली होती. प्रयोगशाळेत त्या दोघीच.

“ही बऱ्यापैकी दबली. आता दुसरी आण.”

दुसऱ्या रॅकेटवर तीच वीट नुसती बसून राहिली, लग्नात रुसलेल्या मामासारखी.

“अगं, ही जाळी आहे की फळी?”

दोन्ही रॅकेटी एकाच दुकानातल्या. तार एकाच रिळातली. ती ओढून बसवणारा, म्हणजे गटिंग करणारा माणूसही एकच, तिचा बाप. दोन्हींचा ताण साठ पौंड, असं त्याच बापाचं म्हणणं.

“दबली ती बाबांचं गटिंगचं मशीन दुरुस्तीला टाकायच्या आधीची,” ती म्हणाली. “वापरलीच नाही, कपाटात पडून होती. तार पडून पडून थोडी सैल होते. पण एवढी नाही होत.”

“आणि फळी?”

“दुरुस्तीनंतरची. हिचा हादरा थेट कोपरात बसतो, हिनेच हात खाल्ला माझा.”

ती याच शाळेत टेनिस शिकवायची. शिकवायचं म्हणजे टोपलीतून चेंडू काढायचा, मारायचा, पुन्हा काढायचा, सूर्य डोक्यावर येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. विश्रांती घेणाऱ्याची चूल कोण पेटवतं ते त्यांनी सांगितलं नाही. मुख्याध्यापिका त्याहून गोड. “सुट्टीनंतर हात बरा नसेल तर कोर्ट दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही सामानाच्या खोलीत बसा.” जाळ्या मोजत! ज्या बाईने या शाळेला पहिला करंडक आणून दिला, तिने फाटक्या जाळ्या मोजत म्हातारं व्हायचं.

म्हणून तिने दुखण्याचा छडा लावायला घेतला होता. आधी मूठ जाड केली. मग रॅकेटच्या डोक्यावरच्या शिशाच्या पट्ट्या सोलून काढल्या. मग मऊ तार घालून पाहिली, शेवटी पुन्हा जुनीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सगळं एकदम बदललं तर चोर सापडत नाही. दर वेळी दुखणं थोडं कमी व्हायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. हात लावला नव्हता तो फक्त ताणाला. तो कमी करून मागितला नव्हता असं नाही.

“बाबा, एकदा पन्नासवर करून द्या ना.”

“पन्नासवर खाट विणतात, शहाणे.”

“हात दुखतो हो.”

“नाचता येईना, अंगण वाकडं. मी साठवर उभा जन्म खेळलो, दुखला का माझा हात?”

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं आणि त्यामागच्या भिंतीवर पाटी, ‘साठच्या खाली गटिंग मिळणार नाही.’ क्लबातली पोरंटोरं त्यांना पाठीमागे ‘साठबाबा’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा क्लबात गेल्यावर विज्ञानाच्या बाई मोठा ताणकाटा पिशवीत घालून घरी आल्या. मशीनचा काटा साठवर ठेवला, चिमट्यात तारेऐवजी ताणकाटा अडकवला, दांडा फिरवला. खटकन आवाज होऊन मशीन थांबलं. बाईंनी किलोंचे पौंड केले, मग पुन्हा एकदा केले.

“बरोब्बर साठ. मशीन खरं बोलतंय.”

“आत्ता खरं बोलतंय,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

बाबांच्या वाढदिवसाला मशीन दुरुस्त करून आणायची हौस तिचीच. मेकॅनिक म्हणाला होता, “आतली स्प्रिंग पार मेली होती ताई, नवी टाकलीय.” तिने खुशीत त्याला पेढाही दिला होता. मेलेली स्प्रिंग काटा साठवर असताना खरोखर किती ओढत होती? पन्नास? त्याहून कमी? या घरातली साठ कित्येक वर्षं साठ नव्हतीच. तिचा हात त्या खोट्या साठवर पोसला होता, आणि ती खरी करून आणली तिनेच.

“म्हणजे तुझे बाबा इतकी वर्षं...” बाईंनी वाक्य गिळलं.

“सांगू त्यांना?”

“विज्ञान शिकवते, तेव्हा खऱ्याचीच बाजू घ्यायला हवी मी,” बाई पिशवी उचलत म्हणाल्या. “पण मला भाजी आणायचीय.”

त्या गेल्यावर ती बराच वेळ पाटीकडे बघत बसली. मग मशीनचं झाकण काढलं. स्प्रिंगच्या टोकाला, मेकॅनिकने दाखवला होता तिथे, जुळवणीचा स्क्रू होता. तिने डाव्या हाताने तो थोडा सैल केला. ओढ कमी झाली, काटा मात्र जागचा हलला नाही.

“काय चाललंय?”

बाबा दारात. चपला हातात.

“स्क्रू सैल करतेय.”

ते आत आले. टेबलावर दोन्ही रॅकेटी होत्या; कपाटात पडून असलेली उचलून त्यांनी अंगठ्याने तार छेडली आणि कानाजवळ धरली. मग दुसरी छेडली. मग पुन्हा पहिली.

“नवी स्प्रिंग आल्यापासून आवाज परका वाटत होता,” शेवटी ते म्हणाले. “म्हटलं, कान म्हातारे झाले.”

“बाबा, ते मशीन आधी...”

“मी विचारलं का?”

त्यांनी तिच्या उजव्या कोपरावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, जणू आजच दिसला.

“किती फिरवलास?”

“अर्धा आटा.”

“अजून पाव फिरव.”

आणि त्यांनी चष्मा काढला, खिडकीकडे तोंड केलं आणि ते सदऱ्याच्या टोकाने काचा पुसायला लागले. काचा स्वच्छच होत्या. तिने पाव आटा फिरवला, झाकण बसवलं.

“काटा?” त्यांनी पाठमोरेच विचारलं.

“साठवरच आहे.”

“मग ठीक. आण तुझी रॅकेट.”