पाटीखालची चिकटपट्टी

मी एक जुनी तारेची चौकट आहे. दोन पाय जमिनीत, दोन हात वर आणि मध्ये दोन आडव्या तारा, एवढाच माझा देह. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की घरांपुढच्या हिरवळीवर उमेदवारांच्या नावाच्या पाट्या लागतात. मित्रांनो, पाटी सगळ्यांना दिसते. तिला वाऱ्यात उभं कोण धरतं, हे कुणी विचारत नाही. मी धरते.

पाटी कुठल्या पक्षाची होती, ते मात्र मी सांगणार नाही. कितीही विचारा. सांगितलं की तुम्ही लगेच आपापल्या बाजूला जाऊन बसाल आणि माझी गोष्ट अर्धीच ऐकाल.

माझा जन्म कारखान्यातला. तारेच्या मोठ्या वेटोळ्यातून मला ओढून सरळ केलं, कापलं, चटके देऊन जोडलं. माझ्या निम्म्या बहिणी एका पक्षाच्या कचेरीत गेल्या, निम्म्या दुसऱ्याच्या. तार सगळ्यांची एकच! तिकडून मी न्यू जर्सीत, एडिसनला श्रीरंगकाकांच्या घरी आले. काका तेव्हा रस्ते-पुलांच्या खात्यात इंजिनिअर होते. त्यांनी मला बुटाच्या टाचेने मातीत दाबलं, चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि परत येऊन थोडं डावीकडे वाकवलं. मी सरळ उभी राहिल्याशिवाय ते जेवायला गेले नाहीत.

ते माझे कौतुकाचे दिवस. मराठी मंडळाच्या दिवाळीला निघालेली माणसं गाडी हळू करून म्हणायची, "काकांची पाटी लागली म्हणजे निवडणूक आली!" काका लगेच म्हणायचे, "आमचं घर कधी बाजू बदलत नाही."

ऑक्टोबरात टपालाने मतपत्रिका यायच्या. एकाच कागदावर अध्यक्षापासून खालच्या सगळ्या पदांची नावं, पक्षाप्रमाणे रकान्यांत, आणि प्रत्येक नावापुढे भरायला एक गोल. काकांची एक रीत होती. रविवारी पोहे झाले की ते ड्राइव्हवेवर घडीचं टेबल मांडत, घरच्यांना उन्हात बसवत आणि नोकरीतली जुनी स्टीलची पट्टी आपल्या पक्षाच्या रकान्याला लावत. "पट्टीच्या कडेने सरळ खाली या. एकही गोल सुटायला नको." पट्टी काकांकडून शरयूकाकूंकडे जाई, त्यांच्याकडून मुलाकडे, शैलेंद्रकडे.

एका वर्षी काकूंचं पेन मध्येच थांबलं. त्या शेजारच्या रकान्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. ऊन डोळ्यांवर येतंय."

आणि त्यांनी पट्टीच्या कडेने गोल भरले.

निवडणूक संपली की काकू मला मागच्या अंगणात नेऊन टोमॅटोला आधार म्हणून रोवत. सुतळी बांधता बांधता एकदा त्या मला म्हणाल्या, "तुला तरी कुणी विचारतं का गं, कुणाची पाटी धरतेस ते?" मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं.

काकू गेल्या. टोमॅटो बंद झाले. मी गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यामागे पडून राहिले. पायांना गंज चढला, हातांवर कोळ्यांनी जाळी विणली. मला वाटलं, संपलं आपलं.

मला बाहेर काढलं ते सुनेने, विनीताने. ती पुण्याहून इकडे शिकायला आलेली, मग नोकरी, ग्रीन कार्डची ती न संपणारी वाट, मग लग्न. तिने सँडपेपरने माझा गंज घासला आणि सासूबाईंच्या वाफ्यात पुन्हा टोमॅटो लावले. विनीता काळजी करणारी. तिची मुलगी इला पहिलीत आहे. स्कूल बस वळणाआड गेली तरी विनीता पायरीवर उभीच असते.

या वर्षी विनीताने नागरिकत्वाची शपथ घेतली. तिचं हे पहिलं मत. काकांनी मला नेहमीच्या जागी रोवलं, पाटी चढवली, टेबल मांडलं, पोहे झाले. पट्टी फिरत फिरत विनीतापुढे आली. तिने ती उचलली आणि बाजूला ठेवली.

"बाबा, माझी मी भरते."

"भर ना! पट्टीने पटकन होतं, एवढंच."

"मला पटकन नाही भरायचं."

काका हसले. "अगं, पण बाजू आपलीच ना?"

"अजून ठरलं नाही."

शैलेंद्र म्हणाला, "विनू, सोड ना यार. रविवार आहे."

"का सोडू? इलाच्या शाळेत ड्रिल असतं. बंदूक घेऊन कुणी आलं तर काय करायचं, त्याचं. ती टेबलाखाली बसते आणि घरी येऊन मला शाबासकी मागते, की मी आज अजिबात आवाज केला नाही! दोन्ही पक्ष म्हणतात, उपाय आमच्याकडे आहे. मी दोघांचंही वाचतेय. माझं मत त्या टेबलाखाली बसून ठरणार, बाबा. या पट्टीने नाही."

"इतकी वर्षं या घराची एक बाजू आहे," काकांचा आवाज चढला. "मंडळात लोक काय म्हणतील?"

"बाजू घराची होती की तुमची? आईंना कधी विचारलं होतंत?"

इलाने पट्टी उचलली आणि आजोबांच्या हातात दिली. "आजोबा, इट्स मॉम्स टर्न."

काका पट्टी घेऊन आत निघून गेले.

विनीताने बरेच दिवस वाचलं. मग एका दुपारी मतपत्रिका भरली, लिफाफा बंद केला, त्यावर सही केली आणि इलाचा हात धरून वाचनालयाजवळच्या मतपेटीकडे चालत गेली. परत आल्यावर ती माझ्यापुढे उभी राहिली. तिने पाटी काढली नाही. पाटीखाली पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर मार्करने इंग्रजीत लिहिलं, 'ही पाटी श्रीरंग यांची. या घरात आणखी दोन मतदार राहतात.'

मित्रांनो, त्या दिवशी मी जितकी ताठ उभी राहिले, तितकी काकांच्या टाचेखालीसुद्धा राहिले नव्हते.

संध्याकाळी काकांनी ती चिकटपट्टी टरकावून काढली. सकाळी विनीताने दुसरी लावली. काकांनी तीही काढली. तिने तिसरी लावली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते; बोलायचं ते माझ्या अंगावर.

तेवढ्यात सुलभाकाकू फिरायला आल्या. मंडळात त्यांना सगळ्यांच्या घरचं सगळं ठाऊक. काका हिरवळीवरची पानं रेकने गोळा करत होते.

"काय हो श्रीरंगराव, सून पलीकडच्या पक्षाची निघाली म्हणे?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही? तुमच्या घरात? वेळीच आवरा हो तिला. शरयू बघा कशी होती, एका शब्दाने कधी मोडता घातला नाही."

काकांच्या हातातला रेक थांबला. ते मागच्या अंगणातल्या वाफ्याकडे बघत राहिले. "नाही घातला," ते म्हणाले. "मी विचारलंच नाही कधी. आणि सुलभाताई, माझी सून म्हणजे काय सांडलेलं दूध आहे, आवरायला?"

सुलभाकाकू गेल्यावर काका घरातून मार्कर आणि ती स्टीलची पट्टी घेऊन आले. विनीताची चिकटपट्टी पावसाने फुगली होती. त्यांनी ती सोलली, नवी लावली आणि खाली पट्टी धरून नकाशावर लिहितात तशा ठसठशीत अक्षरांत तोच मजकूर पुन्हा लिहिला. मग चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं. विनीता खिडकीत होती.

"सरळ आहे का गं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"थोडं डावीकडे, बाबा!"

निवडणूक झाली. कोण जिंकलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी आता गॅरेजमध्ये आहे, पण फावड्यामागे नाही, खुंटीवर. उन्हाळ्यात टोमॅटो माझी वाट बघतील.

मित्रांनो, निवडणूक संपली की आम्हाला कचऱ्यात फेकू नका. पाय पुसा, कोरड्या जागी ठेवा, आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. मला कुणाचीही पाटी द्या, मी धरीन, कारण मी तार आहे. पण माझ्यामागच्या घरातली माणसं तारेची नाहीत. मला मातीत दाबण्याआधी आत जाऊन त्यांना एकेकाला विचारा, बाहेर पाटी लावू का? मत कुणाला, ते विचारू नका.

विनीताने कुणाला मत दिलं, ते काकांनी आजवर विचारलेलं नाही. तुम्हीही मला विचारू नका.