न चढलेला मजला

मी एक जुनी सळई आहे. लोखंडाची, अंगठ्याएवढी जाड. मित्रांनो, सध्या मी भंगाराच्या ढिगात एका फुटक्या बादलीवर आडवी पडले आहे. शेजारच्या पंख्याचे पाते माझ्या कुशीत रुतते आहे. इथे प्रत्येकाला आपलीच कहाणी मोठी वाटते आणि पंखा तर सकाळपासून गप्प बसलेला नाही. माझी कहाणी साधी आहे. मी जन्मभर एका मजल्याची वाट पाहिली.

भट्टीतून लालबुंद होऊन निघाले, थंड झाले, दुकानात आले. तिथे एका गवंड्याने मला उचलले, एक डोळा मिटून माझा सरळपणा पाहिला आणि बाजूला काढले. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याने आजवर दुसऱ्यांची घरे बांधली होती. आता सुट्टीच्या दिवशी तो स्वतःचे बांधत होता. घमेली वाहायला त्याची बायको होती आणि सळया बांधायला एक मित्र. मित्राच्या हातातली पक्कड जेवतानाही सुटत नसे, म्हणून त्याचे नावच पक्कड पडले होते.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, पण पाया दोन मजल्यांचा. शेजारी येऊन खड्ड्यात डोकावत आणि विचारत, "मिस्त्री, घर बांधताय की विहीर खणताय?"

मिस्त्री थापी न थांबवता सांगे, "आज खोली, उद्या मजला. माझे हात थकले की वरची खोली भाड्याने द्यायची आणि खाली आम्ही दोघांनी निवांत बसायचं. म्हातारपणी कुणाच्या दारात जायला नको."

हे ऐकून मला त्याचा फार अभिमान वाटला. तहान लागल्यावर विहीर खणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. हा माणूस घशाला कोरड पडायच्या कितीतरी आधी खणत होता. माझे पाय त्याने घराच्या पायात रोवले, अंग खांबाच्या काँक्रीटमध्ये बंद केले आणि डोके गच्चीच्या वर मोकळे ठेवले. वरच्या मजल्याचा खांब माझ्या त्या मोकळ्या टोकाला बांधायचा होता. अशा आम्ही पुष्कळजणी गच्चीवर उभ्या होतो. खालच्या घरातले बोलणे खांबातून ऐकायचे आणि वरचे आभाळ पाहायचे, असे आमचे आयुष्य सुरू झाले.

गच्चीच्या खालचे टेकू काढले त्या दिवशी पक्कड वर आला आणि मला हात लावून म्हणाला, "मिस्त्री, या टोकांना पातळ सिमेंटचा लेप दे, गंज धरणार नाही. नाहीतर कमी सिमेंटचं, नंतर फोडता येईल असं काँक्रीट ओतून झाकून टाक."

"कशाला? वर्षभरात मजला चढवायचाय. मग तोच लेप खरवडत बसू?"

"आणि नाही चढला तर?"

"शुभ बोल की जरा," मिस्त्री हसून म्हणाला. पक्कडही हसला आणि दोघे चहा प्यायला खाली गेले.

त्याच संध्याकाळी मिस्त्रीने विटेचा तुकडा घेऊन गच्चीवर वरच्या खोलीच्या रेघा ओढल्या. इथे भिंत, इथे खिडकी, जिन्याच्या तोंडाशी दार. त्यांची लेक तेव्हा लहान होती. ती रेघांच्या खिडकीत बसून खाऊ खाई. आई मात्र कपडे वाळत घालायला आली की न चुकता दारातूनच आत येई आणि दारातूनच बाहेर जाई. एकदा लेक भिंतीवरून पलीकडे गेली तर आई म्हणाली, "भिंतीतून काय चालतेस गं? दार आहे ना?" मिस्त्रीला हे फार आवडले. पुढे कितीतरी दिवस तो सगळ्यांना सांगत होता.

वर्ष गेले. मजला चढला नाही. मिस्त्री आळशी नव्हता, मित्रांनो, हे आधीच सांगते. कुणाचे तरी घर अर्धे राहिले होते. पुढच्या वर्षी बायकोचे ऑपरेशन निघाले. मग लेकीचे शिक्षण. कारण खोटे कधीच नव्हते. "पुढच्या वर्षी नक्की," तो म्हणे आणि रेघा पुसट झाल्या की विटेचा नवा तुकडा घेऊन पुन्हा ठळक करी.

रेघा त्याने दरवर्षी जपल्या. आम्हाला जपायचे तेवढे राहून गेले.

पहिल्या पावसाळ्यातच माझ्या अंगावर लाल पूड धरली. वाळत घातलेल्या चादरींना तिचे डाग पडू लागले. बायको वैतागून म्हणे, "अहो, त्या सळयांना काहीतरी लावा ना. धुतलेलं परत धुवावं लागतंय."

"अगं, पुढच्या वर्षी काम काढायचंच आहे."

शेवटी तिनेच जुनी फडकी आणून आमच्या डोक्याला गुंडाळली. तिची माया मला कळत होती. पण फडके भिजले की दिवसेंदिवस ओले राही आणि गंजाला घरबसल्या पाणी मिळे.

मिस्त्रीला हे कळत नव्हते का? दुसऱ्याच्या घरातली भेग त्याला फाटकातूनच दिसत असे. पण लेप लावायचा म्हणजे मजला लांबला हे कबूल करायचे. ते त्याच्याने होईना. तो वर येई, माझ्याकडे पाठ करून उभा राही आणि आभाळात बोट दाखवून बायकोला खिडकी कुठे येईल ते पुन्हा समजावी. मला त्याचा राग यायचा. दूरचा विचार केला म्हणून लोक त्याला शहाणा म्हणत. पण दूर जायला वेळ लागतो, हा विचार त्याने केला नव्हता. सगळे ठरल्या वेळी होईल, एवढीच त्याच्या बेताची तयारी होती.

गंज एका जागी थांबत नाही. डोक्यावरून तो माझ्या अंगात खाली उतरला, खांबात शिरला. गंजलेले लोखंड फुगते. आत फुगायला जागा नसते, म्हणून बाहेरचे सिमेंट फुटते. स्वयंपाकघराच्या खांबाला केसासारखी भेग पडली. मिस्त्रीने ती पुट्टी भरून बुजवली. पुढे ती रुंदावली, तेव्हा त्याने पुन्हा बुजवली आणि वर रंग दिला.

मग त्याचे गुडघे गेले. परांचीवर चढणे थांबले, तसे कामावर बोलावणेही थांबले. हात थकल्यावर ज्या खोलीने पोसायचे, ती अजून विटेच्या रेघांत होती. लेक इस्पितळात नर्स झाली होती आणि दूरच्या वस्तीत भाड्याच्या एका खोलीत राहत होती. ती एका रविवारी आली आणि म्हणाली, "बाबा, आता थांबायचं नाही. मजला चढवून टाकू. मी बघते सगळं."

खांबातून ते ऐकले आणि माझ्या गंजलेल्या अंगातही जीव आला. बायकोने त्याच दुपारी गच्ची झाडून काढली. मिस्त्रीने जुनी थापी घासून लखलखीत केली.

सळया तपासायला पक्कड आला. तोही म्हातारा झाला होता. त्याने माझ्या डोक्याचे फडके सोडले आणि पकडीने मला धरले. माझ्या अंगाचे पापुद्रे सुटून त्याच्या तळहातावर पडले.  मिस्त्रीने ते पाहिले, हातोडी उचलली आणि जिन्याच्या कठड्याला धरत धरत खाली गेला.

त्याने स्वयंपाकघराच्या खांबावर हातोडी वाजवली. मग खालच्या अंगाला, मग दुसऱ्या खांबावर. आवाज पोकळ होता. दुसऱ्यांच्या घरांत हा आवाज त्याने अनेकदा ऐकला होता आणि त्या लोकांना काय करायचे तेही सांगितले होते.

"काय झालं, बाबा?" लेकीने विचारले.

"मजला नाही चढायचा."

"मग खाली दुरुस्ती करून राहा तुम्ही दोघं."

"चारही खांब गेलेत, बाळा. आहे ते छप्परसुद्धा उतरवावं लागेल. पडायच्या आत."

कुणी रडले नाही. बायकोने गॅस बंद केला आणि खांबाजवळची भांडी उचलून पलीकडे ठेवू लागली. पक्कड दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, राहू द्या, मी घेतो." त्या लेपाची गोष्ट त्याने काढली नाही.

सामान लेकीच्या खोलीवर गेले. मिस्त्रीला जिथे जायचे नव्हते, नेमके तिथेच. घर पाडायचे त्या दिवशी सकाळी तो आणि बायको पुन्हा एकदा गच्चीवर आले. त्याच्या हातात लहान डबा आणि कुंचला होता. डब्यात पातळ सिमेंट होते. तो माझ्याजवळ बसला आणि वरून खाली मला लेप देऊ लागला.

"अहो, आता कशाला?" बायको म्हणाली. "बैल गेला आणि झोपा केला."

"राहून गेलं होतं," तो म्हणाला.

 डबा तिने धरला. मला सगळीकडून लेपून झाल्यावर त्याने कुंचला डब्यात टाकला आणि गुडघ्यांवर हात देऊन उठला. खाली हातोडेवाले वाट पाहत होते.

मित्रांनो, पुढच्या आयुष्याचा बेत जरूर करा. खोल पायाचा करा. पण त्याला उशीर होईल हेही धरून चाला, आणि तोवर जे उघड्यावर राहणार आहे ते आजच झाकून ठेवा. बेत लांबला हे मान्य करण्यात कमीपणा नाही. रेघा कुणीही पुन्हा ओढू शकतो. मला मात्र पुन्हा कुणी सरळ उभे करणार नाही.

त्या दिवशी ते दोघे निघाले तेव्हा रेघा पावसाने पार धुऊन गेल्या होत्या. मिस्त्री सरळ जिन्याकडे चालू लागला. बायकोने त्याचा दंड धरला, त्याला थोडे बाजूला घेतले आणि दोघे त्या धुऊन गेलेल्या दारातून बाहेर गेले.